दीपकोनाडा
दीपकोनाडा : भिंतीच्या जाडीत दिवा ठेवण्यासाठी राखलेली पोकळ जागा. मराठीत तिला ‘दिवळी’ असेही म्हणतात. देवळापुढील दीपमाळेचे हात बाहेर आलेले असतात, दिवळी भिंतीत शिरलेली असते. ज्योतीला तिन्ही बाजूंनी व वरून आडोसा मिळाल्यामुळे उघड्यावरही दिवा वाऱ्याने सहसा विझत नाही. माथ्यावर धरलेली काजळी ही जुन्या दिवळीची सहज पटणारी खूण होय.

विटांच्या भिंतीत ही जागा बांधकाम करतानाच सोडणे इष्ट असते. वरचा भार दोन्ही बाजूंस वळावा म्हणून माथ्याला लहान कमान देतात किंवा विटांचे थर क्रमाने पुढे काढून ते जुळवितात. मागाहून छिन्नीने खोदलेल्या कोनाड्यास असा आधार नसतो.

या साध्या सोयीला मोगल उद्यानांत कलेचे रूप आले. कोनाड्यांच्या ओळींनी सजविलेल्या भिंतीस ‘चिनीखाना’ म्हणत. हे नाव इराणातील चिनी मातीची भांडी मांडण्याच्या दालनावरून पडले असून, आर्देबील येथील तसे दालन प्रसिद्ध आहे. शाहजहानच्या कारकीर्दीत (१६२८–५८) लाहोरला विटांच्या तटाने वेढलेली शालिमार बाग उभारली गेली (१६४१-४२). तीत उतरत्या तीन पायऱ्या असून, मधल्या पायरीवरून खाली पडणाऱ्या पाण्याच्या पडद्यामागे असे कोनाडे आहेत. त्यांत दिवसा फुले व रात्री दिवे ठेवीत. वाऱ्यापासून जपायचा दिवा येथे मुद्दाम पाण्याआड ठेवलेला असे, आणि हलत्या धारेतून येणारा त्याचा प्रकाश हीच खरी शोभा. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील सावन व भादो या संगमरवरी मंडपांतही हीच योजना आढळते. पाणी थांबले, की ती निरर्थक ठरते. लाहोर येथे १९९९ मध्ये रस्तारुंदीसाठी बागेला पाणी पुरविणाऱ्या तीन हौदांपैकी दोन पाडण्यात आले. त्यानंतर २००० ते २०१२ या काळात हे स्थळ युनेस्कोच्या संकटग्रस्त वारशाच्या यादीत होते.

विजेच्या दिव्याला वाऱ्याचे भय उरले नाही. ती जागा ओलाव्याने घेतली. तापलेल्या तंतुदीपाच्या काचेवर पावसाचे थेंब पडल्यास ती तडकते. पेटी काचेने व रबरी कडीने बंद केली, तरी आतली हवा तापून निवताना बाष्प आत ओढले जाते. १९९३ नंतर तेजस्वी निळे प्रकाशदायी द्विप्रस्थ (एलईडी) व त्यापासून पांढरा प्रकाश मिळू लागल्यावर उष्णता घटली आणि एका विटेच्या जागेत मावणारे दिवे शक्य झाले. तारेची नळी पेटीत खालच्या बाजूने घेतात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत जात नाही. नव्या भिंतीत एवढ्याने काम भागते. जुन्या चुन्याच्या भिंतीत मात्र विटा फोडण्यापेक्षा मूळच्या कोनाड्यांचा उपयोग करावा व तार सांध्यांतूनच न्यावी. फोडलेली जुनी वीट परत मिळत नाही, दरजेतला चुना मात्र पुन्हा भरता येतो.