ड्रॅग लाँच : जड, जुन्या मोटारींची सस्पेन्शन-जुळणी

ड्रॅग शर्यतीत मोटारी उभ्या स्थितीतून सुटतात आणि सरळ पट्टीवर, बहुधा पाव मैल म्हणजे 402 मी., धावतात. सुटण्याच्या क्रियेला लाँच म्हणतात. पहिल्या 60 फुटांना (18.3 मी.) लागलेला वेळ वेगळा नोंदवला जातो, कारण तेथे वाचलेला किंवा गमावलेला क्षण अंतिम रेषेपर्यंत वाढत जातो. पुढे इंजिन आणि मागे चालक चाके असलेल्या जड, जुन्या मोटारीत इंजिनाची ताकद वाढवण्याआधी ती ताकद जमिनीवर उतरवावी लागते. हे काम मुख्यतः मागच्या सस्पेन्शनचे असते.

भार सरकण्याचे गणित : मोटार वेग घेऊ लागली की तिच्या वजनाचा काही भाग पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातो. एकूण वजन तेवढेच राहते, फक्त त्याची वाटणी बदलते. किती भार सरकेल हे वस्तुमान, त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर या चार गोष्टींवर ठरते. उदाहरणार्थ, मोटार 1,500 किग्रॅ., गुरुत्वमध्य 55 सेंमी. उंचीवर, आसांतील अंतर 3 मी. आणि त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्मे असेल, तर सुमारे 137 किग्रॅ. भार मागे जातो. उभ्या स्थितीत मागच्या चाकांवर 45 टक्के, म्हणजे 675 किग्रॅ. असतील, तर लाँचच्या वेळी ते 812 होतात. एवढ्या त्वरणाला 750 किग्रॅ. भाराइतके ओढबळ लागते, म्हणून टायर व पट्टी यांतील घर्षणांक किमान 0.92 हवा. भार सरकला नसता तर तो 1.11 लागला असता. सातपुड्यात तोरणमाळच्या किंवा चांदसैलीच्या घाटात भरलेली जीप चढताना तिचे तोंड हलके होते. तेथे कारण चढ असतो, येथे त्वरण, पण दोन्हीकडे भार मागच्या चाकांकडेच जातो.

स्प्रिंगा मऊ केल्या की जास्त भार मागे जातो, असे सर्रास समजले जाते. पण वरील चार राशींत स्प्रिंगेचा कडकपणा नाही. मऊ स्प्रिंगमुळे मोटारीचे नाक वर गेले आणि गुरुत्वमध्य उंचावला, तर तेवढ्यापुरताच फरक पडतो. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे भार किती लवकर पोचेल आणि टायरवर किती सलग टिकेल, हे ठरवतात.

मागची भूमिती : चाकाने जमिनीला मागे ढकलले की त्याची प्रतिक्रिया सस्पेन्शनच्या दुव्यांतून सांगाड्यात शिरते. या दुव्यांच्या रेषा वाढवल्यावर बाजूने पाहता ज्या बिंदूत मिळतात, त्याला क्षणिक केंद्र म्हणतात. मागचा टायर जमिनीला टेकतो तेथून, पुढच्या आसाच्या वर गुरुत्वमध्याच्या उंचीवरील बिंदूपर्यंत रेषा ओढावी. क्षणिक केंद्र या रेषेवर असल्यास मागची बाजू बसतही नाही, उठतही नाही. केंद्र रेषेखाली असल्यास मागची बाजू बसते, वर असल्यास उठते आणि टायर जमिनीवर जोराने दाबला जातो. हा दाब फार जोराचा असेल तर टायरची पकड पुढच्याच क्षणी सुटते. म्हणून ताकदीच्या आणि टायरच्या मानाने केंद्राची जागा निवडावी लागते. कोणती जागा सर्वोत्तम, याबाबत जाणकारांत एकमत नाही.

पाटे : बहुतेक जुन्या मोटारींत मागचा आस पाट्यांच्या कमानींवर (लीफ स्प्रिंगांवर) बसवलेला असतो. लाँचच्या वेळी आसाचे हाउसिंग चाकांच्या उलट दिशेने फिरू पाहते, पाटे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे पिळतात आणि उसळून परत येतात. चाक तडतड उड्या मारू लागते ते यामुळेच. यावरील उपायाचा एक सविस्तर नमुना अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचा आहे. तिने 1960 च्या दशकात शर्यतीसाठी खास पाटे विकले. त्यांचा आसापुढचा भाग आखूड व कडक असून पट्ट्यांनी घट्ट बांधलेला असे, तर मागचा भाग लांब व लवचीक ठेवला जाई. पुढचा भाग दुव्यासारखे काम करी, मागचा स्प्रिंगेचे. डाव्या-उजव्या पाट्यांची बांधणी मुद्दाम वेगळी असे. डिफरन्शियलच्या नाकावर, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो त्या पुढच्या टोकावर, रबरी ठोकळा बसवून त्याचे वर उचलले जाणेही रोखले जाई. पाटे न बदलता त्यांच्याखाली ट्रॅक्शन बार बसवणे हा स्वस्त मार्ग होय. त्याचे रबरी टोक पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली टेकते आणि पीळ अडवते. मालवाहू गाडीप्रमाणे जादा पाटा टाकून काम भागत नाही. त्याने ओझे पेलते, पण पीळ हवा तेथे रोखला जात नाही आणि मागची बाजू नुसती कडक होते.

पिळाचा विचार करून डिफरन्शियलचे नाक उभ्या स्थितीत काही अंश खाली झुकलेले ठेवतात. जोर आल्यावर ते वर येते आणि प्रोपेलर शाफ्टच्या रेषेत बसते.

डावे-उजवे असंतुलन : फिरत्या प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे मागच्या आसाचे डावे चाक दाबले जाते व उजवे हलके होते. त्यामुळे मोटार एका बाजूला ओढते. उजव्या पाट्याला थोडा आगाऊ ताण देणे, तेथे हवेची पिशवी बसवणे, बॅटरी डिकीत उजवीकडे नेणे, हे नेहमीचे उपाय आहेत. भारतीय मोटारीत चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे त्याचे वजन थोडी मदत करते. अमेरिकेत तो डावीकडे बसतो, म्हणून अमेरिकी पुस्तकांतील आकडे येथे जसेच्या तसे वापरू नयेत. याशिवाय मागचा अँटी-रोल बार, म्हणजे डावी-उजवी बाजू जोडणारा दांडा, सांगाड्याचे एका बाजूला कलणे कमी करतो.

पुढची बाजू : नाक सहज वर यावे आणि सावकाश खाली बसावे, यासाठी पुढचे शॉक ताणताना सैल व दबताना कडक ठेवतात. नाक फार वर जाऊ नये म्हणून पट्टा किंवा साखळी लावतात.

टायर : मऊ रबराचे टायर कमी हवा भरून वापरतात.

जुळणीचा क्रम : प्रथम पाट्यांचे घासलेले बुश, शॅकल, सैल यू-बोल्ट व सेंटर बोल्ट बदलावेत. सैल सांध्यांवर केलेली कोणतीही जुळणी टिकत नाही. मग चालक आत बसवून चारही चाकांखालचे वजन वेगवेगळे घ्यावे. नंतर डिफरन्शियलचा कोन, मागचे दुवे आणि शेवटी शॉक, असे क्रमाने जावे. एका वेळी एकच बदल करावा, बाजूने चित्रण करावे आणि 60 फुटांची वेळ लिहून ठेवावी.

एक ऐतिहासिक नमुना : डेट्रॉइटमधील क्रायस्लरच्या तरुण अभियंत्यांच्या ‘रॅमचार्जर्स’ मंडळाने 1949 ची प्लिमथ कूपे मोटार ‘हाय अँड मायटी’ या नावाने 1959 च्या सुमारास शर्यतीत उतरवली. भार मागे जावा म्हणून तिचा सांगाडा मुद्दाम खूप उंच उचलला होता. वरच्या उदाहरणात घर्षणांक 0.8 धरून गुरुत्वमध्य 55 वरून 70 सेंमी. केल्यास शक्य त्वरण गुरुत्वत्वरणाच्या 0.42 वरून 0.44 पट होते. फरक लहान दिसतो, पण ड्रॅग शर्यतीत तो निर्णायक ठरू शकतो.

महाराष्ट्र : अशा जड मोटारींशी मुंबईचा जुना संबंध आहे. जनरल मोटर्सने 1928 पासून शिवडीत शेव्हरोले जोडल्या. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लर गटाच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो मोटारी तयार केल्या. त्यांना मागे पाटेच होते. पुढची प्रीमियर पद्मिनी हलकी, पण तिलाही मागे पाटे होते. हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडरलाही पाटे, तर काँटेसाला कॉइल स्प्रिंगा होत्या. स्वातंत्र्योत्तर काळात जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. अलीकडे पुणे जिल्ह्यातील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही पाव मैलाची स्पर्धा भरत आली आहे. पाटे उतरवणे, ताव देणे, कमान पुन्हा भरणे ही कामे महामार्गावरचे मिस्त्री रोज करतात. शर्यतीच्या जुळणीला लागणारे हातकौशल्य त्यांच्याकडे आहे, त्याला मोजमापाची जोड हवी.

सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 189 नुसार दंडनीय आहे. म्हणून ही जुळणी बंदिस्त पट्टीवरच तपासावी लागते.