मताचे मूल्य आणि गोठलेली जनगणना

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : उत्तर प्रदेशातील आमदाराच्या मताचे मूल्य २०८ आणि सिक्कीममधील आमदाराच्या मताचे केवळ ७, ही कसली समता? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु अन्याय तेथे नाही, अन्यत्र आहे.

घटना समितीत के. टी. शहा यांनी राष्ट्रपती थेट प्रौढ मतदानाने निवडावा, असा आग्रह धरला होता. नेहरू आणि आंबेडकर यांना तो मान्य झाला नाही. वास्तविक सत्ता मंत्रिमंडळाच्या हाती राहणार असताना सबंध देशाच्या कौलाने निवडलेल्या व्यक्तीस नामधारी पदावर बसविणे विसंगत ठरले असते. म्हणून संसदेतील व विधानसभांतील निर्वाचित सदस्यांकडे ही निवड सोपविण्यात आली. मात्र थेट मत नाकारताना घटनेने नागरिकाला एक हमी दिली. अनुच्छेद ५५ प्रमाणे राज्याच्या लोकसंख्येला निर्वाचित आमदारांच्या संख्येने भागायचे आणि भागाकाराला पुन्हा एक हजाराने. आमदार मत देतो, पण त्या मताचे वजन लोकसंख्या ठरविते. २०८ आणि ७ हे आकडे या समतेचेच फलित होत.

या हमीला तडा गेला तो १९७६ साली. ४२व्या घटनादुरुस्तीने या हिशेबापुरती १९७१ची लोकसंख्या गोठविली. ८४व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढविली. त्यामुळे २०२२च्या निवडणुकीतही केरळच्या १४० आमदारांचे एकूण मतमूल्य २१,२८० आणि राजस्थानच्या २०० आमदारांचे २५,८०० एवढेच होते. १९७१ साली दोन्हीकडे एका मूल्यामागे सुमारे हजार माणसे होती. २०११च्या जनगणनेनुसार केरळात ती सुमारे १,५७०, महाराष्ट्रात २,२३०, तर राजस्थानात २,६५७ होतात.

गोठविण्यामागचा हेतू वाईट नव्हता. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांचे राजकीय वजन त्यापायी घटू नये, ही भूमिका न्याय्यच होती. लोकसभेच्या जागांबाबत ती आजही गंभीरपणे ऐकावी लागते. तेथे कायदे आणि पैसा यांवरील अधिकाराचा प्रश्न आहे. परंतु आमदारांच्या मतमूल्याचे तसे नाही. ते बदलल्याने कोणत्याही राज्याची एकही जागा कमी होत नाही; बदलतो तो केवळ गुणाकार.

हा गुणाकार क्षुल्लक आहे, असेही म्हणता येत नाही. १९६९ साली पहिल्या पसंतीच्या मोजणीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. तिसऱ्या स्थानावरील चिंतामणराव देशमुख यांच्यासह मागे पडलेल्या उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मते वाटली गेली आणि व्ही. व्ही. गिरी यांनी संजीव रेड्डींवर अवघ्या १४,६५० मतमूल्यांनी मात केली.

निवड अप्रत्यक्ष आहे, एवढ्यानेच ती अन्यायकारक ठरत नाही. आपल्या वतीने दुसऱ्याने मत द्यावे, हे नागरिकाने मान्य केले आहे. मात्र त्या मतामागे आपणही मोजले जावे, ही त्याची अपेक्षा रास्त आहे. १९७१नंतर वाढलेली माणसे या हिशेबात अजून आलेलीच नाहीत.