मिक्सर, साय आणि कोल्ड कॉफी

घरी केलेल्या, चॉकलेट घातलेल्या कोल्ड कॉफीची कुळकथा कॉफीपासून सुरू करू नये. कॉफी, कोको, बर्फ आणि मिक्सर ही चारही मंडळी बाहेरून आली, वेगवेगळ्या वाटांनी आली आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडायला बराच काळ जावा लागला. दूध तेवढं घरात होतं. निदान आमच्या पेठ वडगावात तरी या कुळाचा मूळपुरुष म्हणून दुधाचंच नाव घ्यावं लागतं.

सेनापती धनाजी जाधवांची समाधी असलेलं हे गाव पंचक्रोशीबाहेर ओळखलं जातं ते जनावरांच्या बाजारामुळे. म्हैस घ्यायला आलेला माणूस आधी कास बघतो, मग धार काढून बघतो आणि मगच भावाचं बोलतो. फॅटचा हिशोब शाळकरी पोरालाही कळतो: म्हशीच्या दुधाला साडेसहा-सात, गाईच्या दुधाला साडेतीन-चार. जवळच्या कोल्हापुरात, गंगावेशीत, म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसासकट धारोष्ण दूध पेल्यात मिळतं. तालमीत थंडाई घोटली जाते, बदाम, खसखस, बडीशेप आणि काळी मिरी वाटून दुधात. म्हणजे दुधावर फेस असावा आणि गार दुधात काहीतरी वाटून घालावं, या दोन्ही गोष्टी इथल्या जिभेला कोल्ड कॉफीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होत्या. म्हणूनच ती आली तेव्हा परकी वाटली नाही.

कॉफीचं येणं मात्र रखडत झालं. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. चिकमगळूर शेजारच्याच राज्यात, तरी कॉफी आमच्याकडे रोजची झाली नाही. मराठी घरातली कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली. पाहुणा चहा घेत नाही म्हणाला की त्याच्यापुढे ठेवायची. तिच्या पुडीवर बरीच वर्षं एक नाव असे, पोल्सन. पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी मुलाने 1888 साली मुंबईत कॉफी दळून विकायला सुरुवात केली आणि चिकोरी मिसळलेली ही कॉफी पुढे घरोघर गेली.

या पोल्सनपाशी मला थोडं थांबायचं आहे. कॉफीत जम बसल्यावर त्यांनी लोण्याचा धंदा धरला, 1930 साली आणंदला डेअरी उभी केली आणि खेडा जिल्ह्यातलं दूध गोळा करण्याचा जवळजवळ मक्ताच त्यांच्या हाती गेला. भाव परवडेना, तेव्हा शेतकऱ्यांनी दूध घालणं बंद केलं. 14 डिसेंबर 1946 रोजी त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने त्या शेतकऱ्यांचा सहकारी संघ नोंदला गेला; तोच पुढे अमूल म्हणून देशाला माहीत झाला. त्या वाटेने 1963 साली कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ निघाला, म्हणजे गोकुळ, आणि त्याच दशकात वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोऱ्यांच्या प्रेरणेने वारणा दूध संघ उभा राहिला. कॉफी विकून मोठ्या झालेल्या एका व्यापाऱ्याशी गुजरातेत झालेल्या भांडणातून जी सहकाराची रीत निघाली, तिच्यामुळे आमच्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ दूध घालायची डेअरी आली. कॉफी आणि दूध यांची पहिली खरी गाठ मला इथे दिसते.

कोकोला फेसाची सवय जन्मापासूनची. मध्य अमेरिकेतले माया आणि अझ्टेक लोक कोकोच्या बिया वाटून पाण्यात कालवत आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून त्यावर फेस आणत. युरोपात गेल्यावर त्यात साखर आली, दूध आलं. इटलीतल्या तुरीन शहरात अठराव्या शतकात कॉफी, चॉकलेट आणि मलई एकाच छोट्या ग्लासात घालून पिऊ लागले; त्या पेयाला ‘बिचेरीन’ म्हणतात आणि ते आजही तिथे मिळतं. कॉफी-चॉकलेटच्या लग्नाचा हा एक जुना दाखला. ते गरम असतं, आणि अजून त्यात बर्फाला जागा नव्हती.

आपल्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं घडलं ते हॉलंडमध्ये. 1828 साली व्हॅन हाउटन यांनी कोकोतलं निम्म्याहून जास्त तूप दाबून काढायचं यंत्र आणलं. मागे राहिलेली पेंड दळली की कोको पावडर. तिच्यावर क्षाराची प्रक्रिया केली की ती दुधात बरी मिसळते, हेही त्यांचंच काम. तरीही तिच्यात दहा-वीस टक्के स्निग्धांश उरतोच आणि म्हणून ती गार दुधावर नुसती टाकली तर गुठळ्या होऊन तरंगते. भारतात 1948 साली कॅडबरी आली, तिच्याबरोबर बोर्नव्हिटा आणि ड्रिंकिंग चॉकलेटचे डबे आले. खुद्द वारणेच्या दूध संघानेही कॅडबरीसाठी बोर्नव्हिटा तयार केला आहे. वडगावच्या दुकानात फळीवर दिसणारा तो डबा जवळच्याच खोऱ्यातून आलेला असू शकतो, हे किती जणांच्या ध्यानात येतं?

कोल्ड कॉफी घरात आणली ती मात्र इन्स्टंट पावडरने. ब्राझीलमध्ये कॉफीचं पीक विकलं जाईना म्हणून नेस्ले कंपनीकडे तोडगा मागितला गेला आणि काही वर्षांच्या खटपटीनंतर 1938 साली स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आली. काढा करून तो गरम हवेच्या झोतात फवारायचा, थेंबातलं पाणी उडून जातं आणि पूड खाली पडते. हीच फवारणीची रीत वापरून 1955 साली आणंदच्या डेअरीत हरिचंद दलाया यांनी म्हशीच्या दुधाची पावडर काढून दाखवली. तोवर जाणकारांना हे अशक्य वाटत होतं. नेस्लेने भारतातला पहिला कारखाना 1961 साली पंजाबात मोगा इथे काढला, तोही दुधासाठी. ब्रू त्याच दशकाच्या शेवटी आली. पुढे दोघींच्या लहान पुड्या किराणा दुकानात माळेसारख्या लटकू लागल्या आणि बाटली न घेता कॉफी करता येऊ लागली.

इन्स्टंट कॉफीत तेलाचा अंश नावापुरता असतो, त्यामुळे तिचा फेस टिकतो. हे ग्रीक लोकांना 1957 साली थेस्सालोनिकीच्या जत्रेत उमगलं. तिथे नेस्लेतर्फे मुलांसाठी एक नवं चॉकलेटचं पेय दाखवत होते, दुधात घालून शेकरमध्ये हलवून द्यायचं. दिमित्रिस वाकोंडिओस हा तिथलाच कर्मचारी. सुट्टीत त्याला कॉफी हवी होती, गरम पाणी मिळेना. त्याने तोच शेकर घेतला, त्यात कॉफी, साखर, गार पाणी घातलं आणि हलवलं. जाड फेस आला. तिथून फ्रॅपे निघाली. आमच्याकडे हाच फेस दुसऱ्या वाटेने आला. कपात कॉफी, साखर आणि चार थेंब पाणी घेऊन चमच्याने फेटत बसायचं, रंग फिका पडून मलईसारखं होईपर्यंत, आणि वरून उकळतं दूध ओतायचं. 2020 च्या टाळेबंदीत ‘डाल्गोना’ नावाने हेच फेटणं जगभर मिरवलं गेलं.

बर्फ सगळ्यांत उशिरा घरात आला. अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने 1833 साली कलकत्त्याला आणि पुढच्या वर्षी मुंबईला उतरला. जमशेटजी जीजीभाईंनी तेव्हा मेजवानीत आईस्क्रीम वाढल्याची मोठी चर्चा झाली. गावाकडे बर्फ म्हणजे भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी, तीही लग्नकार्याला किंवा गोळेवाल्याकडे. गोदरेजने 1958 साली फ्रीज काढला, पण सामान्य घरात तो पोचायला आणखी दोन-तीन दशकं लागली. तोवर कोल्ड कॉफी प्यायची ती कोल्हापूर, सांगली, मिरजेच्या कोल्ड्रिंक हाऊसमध्ये, वर आईस्क्रीमचा गोळा घालून, खरेदी आटोपल्यावर. घरातल्या फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे आला आणि ही चैन घरात शिरली.

आणि मिक्सर. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समधले अभियंते. पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर भारतीय वाटणाला टिकेना, म्हणून त्यांनी दणकट मोटर बसवून नवा मिक्सर घडवला आणि 1963 पासून तो सुमीत या नावाने विकायला लागले. भिजवलेली डाळ, खोबरं, सुकी मिरची हे सगळं त्याला वाटता यायला हवं होतं. कोल्हापूरकडच्या घरात त्याचं मुख्य काम वाटणाचं. दुसरं काम लोणी काढण्याचं, आणि कोल्ड कॉफीचं गुपित या दुसऱ्या कामात आहे.

आठवडाभर साठवलेली, विरजण लावलेली साय मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घालतात. वर गार पाणी आणि बर्फाचे चार खडे. बटण थोडं थोडं फिरवायचं. आधी सगळं फुगून पांढरं होतं, मग आवाज बदलतो, पात्याला ओझं जाणवतं, आणि झाकण काढून बघावं तर लोणी वेगळं, ताक वेगळं. गार आणि वेगाने घुसळलेल्या दुधातले स्निग्धाचे कण एकमेकांना चिकटतात, एवढंच त्यातलं शास्त्र. आता हेच भांडं, हाच बर्फ आणि तेच म्हशीचं दूध घेऊन कोल्ड कॉफी करायला गेलं की काय होणार? वर पांढरे कण तरंगतात, टाळूला चिकटतात आणि घरातली पोरं तोंड वाकडं करतात. होमोजिनाइझ केलेल्या पिशवीतल्या दुधाला ही अडचण येत नाही, कारण त्यातले कण आधीच बारीक फोडलेले असतात. घरच्या दुधाला येते. ज्या बाईने वर्षानुवर्षं मिक्सरमध्ये लोणी काढलं, तिला यावरचा उपाय कुणी शिकवावा लागला नाही. ती दूध तापवते, गार करते, साय उचलते, गाळते आणि मगच कॉफीला घेते. इथल्या कोल्ड कॉफीची घडण माझ्या मते या हातांनी केली आहे.

हे आवर्जून सांगतो, कारण या पेयाचं श्रेय हल्ली सरसकट कॅफेंना दिलं जातं. बॉस्टनमधल्या जॉर्ज हॉवेल यांच्या दुकानातलं फ्रापुचिनो स्टारबक्सने 1994 साली दुकानांसकट विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी सगळीकडे आणलं. बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर 1996 साली कॅफे कॉफी डे सुरू झालं. मुंबईत हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स आलं 2012 साली. त्यांनी उंच ग्लास दिला, चॉकलेटच्या रेघा दिल्या, किंमत दिली. दुधाला फेस आणायचं आणि ते गार घोटायचं ज्ञान इथल्या स्वयंपाकघरात त्यांच्या आधीचं आहे, आणि घरची कॉफी त्यांच्यापुढे कमी मानायचं काही कारण नाही.

तेव्हा घरी करायची तर अशी करा. दोन ग्लासांसाठी दोन चमचे इन्स्टंट कॉफी, एक मोठा चमचा कोको आणि तीन मोठे चमचे साखर वाटीत घ्या, वर तीन-चार चमचे कडकडीत पाणी घालून गुठळी मोडेपर्यंत घोटा. कोको गार दुधात विरघळत नाही, म्हणून ही पायरी टाळू नका. अर्धा लिटर गाळलेलं दूध फ्रीजमध्ये चांगलं गार होऊ द्या. त्यातलंच थोडं आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवलं तर पाण्याच्या बर्फाने येणारा पांचटपणा येत नाही. खडे आधी जरा फोडून घ्या, पात्याची धार राहते. भांडं निम्म्याच्या वर भरू नका आणि झाकणावर हात ठेवा. मिक्सर थांबत थांबत, एकूण अर्ध्या मिनिटाच्या आतच फिरवा. जास्त फिरवाल तर उरलीसुरली साय लोणी होऊन वर येईल. ओतल्याबरोबर प्या, दहा मिनिटांत फेस एकीकडे आणि पाणी एकीकडे होतं. आणि दुधावरची काढलेली साय विरजणाच्या भांड्यात घालायला विसरू नका.