रात्रभराची मैफल, तीन मिनिटांची तबकडी

बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझी निराशा झाली होती, हे आधीच कबूल करते. आवाज कुठून तरी लांबून येतो, मागे अखंड खरखर, आणि पद रंगू लागले असे वाटते न वाटते तोच ते संपते. याच गाण्यासाठी महाराष्ट्र वेडा झाला होता? पुढे इतिहास शिकताना उमगले की चूक ऐकण्यात होती. ध्वनिमुद्रिका हेही बखरीसारखे एक साधन आहे. ती कशी आणि कोणत्या मर्यादेत घडली हे तपासल्यावाचून तिची साक्ष काढता येत नाही. आजचा धागा त्या तपासणीविषयी.

१९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहर जान यांचे गाणे त्याने तबकडीवर उतरवले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. ख्यालाची बढत तासभर चालावी, अशा परंपरेत वाढलेल्या गवयांपुढे ही नवीच अट उभी राहिली. मग विलंबित गळाले, आलाप दोन-चार स्वरांवर आले आणि ताना लगोलग येऊ लागल्या. या तबकड्या ऐकून 'तेव्हाचे गवई घाईने गात' असे म्हणणे म्हणजे एखाद्याचे पोस्टकार्ड वाचून त्याला ग्रंथ लिहिता येत नव्हता असे ठरवण्यासारखे आहे.

यंत्राच्या अटी याहून कडक होत्या. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणावर रेघ कोरी. हळुवार स्वर उमटत नसे, जोरदार स्वर रेघ बिघडवी. मान डोलवण्याची, हात फिरवण्याची सोय नाही, तबल्याचा खर्ज जवळजवळ नाहीसा, आणि चूक झाली तर अख्खे मेण वाया. समोर दाद देणारा श्रोता नाही, हे तर सर्वांत वाईट. मैफलीत एखाद्या जागेला 'वाहवा' आली की गवई तीच जागा वेगळ्या वाटेने पुन्हा घेतो. कर्णा 'वाहवा' म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट, जी जुन्या गाण्यांच्या चर्चेत हमखास विसरली जाते. आपण सरसकट '७८ फेऱ्यांची तबकडी' म्हणतो. पण सुरुवातीच्या तबकड्यांचा वेग एकसारखा नव्हता. ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली, तर काळी एकमध्ये गायलेले गाणे जवळपास पांढरी दोनला जाऊन बसते, लयही चढते. एखाद्या दिवंगत गायकाच्या 'उंच पट्टी'चे कौतुक करण्यापूर्वी तबकडीचा वेग तपासलेला बरा.

आता पुन्हा बालगंधर्व. गंधर्व नाटक मंडळीचा प्रयोग रात्रभर चाले. साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, पुढच्या काळात अहमदजान थिरकवांचा तबला. 'वन्समोअर' मिळाला की तेच पद पुन्हा, पण निराळ्या हरकतींनी. प्रेक्षक ज्या गाण्यावर लुब्ध होता ते हे, दर प्रयोगाला बदलणारे. तबकडीने त्यातले एकच रूप धरले आणि पुढच्या पिढ्यांनी तेच प्रमाण मानले. घराघरांतून लोक तबकडीबरहुकूम गाऊ लागले, अगदी श्वास घेण्याच्या जागांसकट.

तरीही तीन मिनिटांना कमी लेखू नये. अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकून गदगच्या एका मुलाने गाणे शिकण्यासाठी घर सोडले; तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांच्या आसपासची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. मैफलीत एकेक राग सावकाश उलगडणाऱ्या केसरबाईंची ओळख परग्रहवासीयांना मात्र तेवढ्याच वेळात करून घ्यावी लागेल.

तबकडीने सर्वांत मोठा अन्याय केला तो गैरहजर गायकांवर. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते. त्यांची एकही तबकडी आपल्या हाती नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचाही आवाज कुठे उरलेला नाही. परिणामी आज नव्या श्रोत्याच्या यादीत ही नावे मागे पडतात, जणू मुद्रण झाले नाही म्हणजे गाणेच झाले नाही. बुवांचे गाणे शिष्यांच्या गळ्यात आणि १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाच्या चालींत राहिले. त्या नाटकातली रुक्मिणी बालगंधर्वांची. त्यांची 'स्वयंवर'मधील पदे त्याच खरखरीतून मी आता लावते तेव्हा तीन मिनिटांत दोन माणसे शोधत असते: एक गाणारा, आणि एक चाल बांधणारा, ज्याला आपण कधीच ऐकलेले नाही.