पोपटाच्या पलीकडे : शिंदे बंधूंच्या कमी ऐकलेल्या कॅसेटी

(मोडनिंब येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मोडनिंबमध्ये गाण्यावर बोलायचं म्हणजे जरा जपूनच बोलावं लागतं. इथली कला केंद्रं, इथली संगीत बारी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकली आहे. म्हणून मी आज लावणीकडे वळत नाही. पंढरपूर ओलांडून मंगळवेढ्याकडे जातो. शिंदे घराण्याचं मूळ तिथलं. वडील प्रल्हाद शिंदे आणि त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद.

मघाशी चहाच्या वेळी दोघा श्रोत्यांचा वाद चालला होता. एक म्हणत होते, आनंद-मिलिंद म्हणजे ‘नवीन पोपट’, बाकी सगळं नंतर. दुसरे म्हणाले, छे! खरे शिंदे बंधू भीमगीतांत आहेत, त्या कॅसेटी ज्यानं ऐकल्या नाहीत त्यानं काहीच ऐकलं नाही. हा वाद मला मिटवायचा नाही. पण तो नुसत्या आवडीनिवडीचा नाही, इतिहासाचा आहे, एवढं दाखवायचं आहे.

थोडं मागं जाऊ. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं मावे. कोणाचा आवाज मुद्रित व्हायचा हे मोजक्या कंपन्या ठरवत. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात घरोघरी गेली. नकला काढणं स्वस्त झालं, लहान कंपन्या धंद्यात उतरल्या. सी-६० कॅसेटची एक बाजू म्हणजे अर्धा तास. एवढी जागा भरायची म्हणजे भरपूर गाणी हवीत. त्यातलं एखादं गाजायचं आणि उरलेली त्याच्या सावलीत राहायची.

आणि कॅसेट विकायला मोठं दुकानच लागायचं असं नाही. १४ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात, दीक्षाभूमीवर पुस्तकं आणि फोटोंच्या शेजारीच गाण्यांचे स्टॉल लागत. आंबेडकरी जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत जी परंपरा गावोगाव तोंडी चालत आली होती, तिला कॅसेटनं घरात नेलं. शिंदे बंधूंची भीमगीतं याच वाटेनं गेली. लग्नाच्या मांडवातला पोपट सगळ्या महाराष्ट्रानं ऐकला. स्टॉलवरची कॅसेट मात्र ठरावीक वस्त्यांतच वाजली. म्हणजे ‘कमी ऐकलेली’ हा शब्दच तपासून घ्यायला हवा. कोणी कमी ऐकलेली? एखाद्या वस्तीत तीच सर्वांत जास्त ऐकलेली असते!

आता पुराव्याचा प्रश्न. जुन्या तबकडीवर मधल्या लेबलाजवळ मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून ध्वनिमुद्रणाचा माग काढता येतो. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या संग्राहकांनी तबकड्यांचा असा अभ्यास चिकाटीनं केला. कॅसेटचं तसं नाही. आतला कागद हरवला की निम्मी माहिती गेली. आणि कागद असला तरी त्यावर मुद्रणाची तारीख, ढोलकी कोणाची, कोरसमध्ये कोण, हे बहुधा नसतंच. मग चाहते वाद घालतात : ही कॅसेट आधीची की नंतरची? हे कडवं आनंदचं की मिलिंदचं?

अशा वेळी बारीक खुणा उपयोगी पडतात. कंपनीच्या पत्त्यात ‘बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’, ते बघा. शहराचं नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे बदललं. अर्थात जुने छापील कागद पुढंही वापरले गेले असतील, तेव्हा ही खूण आहे, पुरावा नव्हे. दुसरी खूण गाण्यातच असते. ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’सारखी भीमगीताच्या शेवटच्या कडव्यातही पुष्कळदा कवीची नाममुद्रा येते. कागदावर गीतकार छापला नसला तरी गाणं स्वतःच तो सांगतं. म्हणून शेवटचं कडवं कापून केलेली नक्कल म्हणजे कवीचं नाव पुसणं.

आता त्या दोघांच्या वादाकडे येऊ. केवळ पोपटावरून इतिहास लिहिला तर हे भाऊ चावट गाण्यांचे गायक एवढेच उरतात. जे वडिलांचं झालं तेच पुन्हा होईल. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’मुळे प्रल्हाद शिंदे अनेकांना फक्त विठ्ठलाचे गायक वाटतात, त्यांच्या कव्वाल्या, त्यांची भीमगीतं बाजूला पडतात. पण उलटी चूकही करू नका. ‘खरे शिंदे फक्त भीमगीतांत’ म्हटलं की लग्नात नाचलेला माणूस खोटा ठरतो. अहो, जयंतीच्या मिरवणुकीत चालणारा आणि वरातीत नाचणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो. त्याच्या घरात दोन्ही कॅसेटी एकाच डब्यात असायच्या. इतिहास त्या डब्याचा लिहायचा आहे.

आणि तो डबा आता खराब होतोय. फितीला बुरशी लागते, ती ताणली जाते, तुटते. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९८७ ची कॅसेट २०४७ च्या अखेरीपर्यंत हक्काखाली आहे. कंपनी बंद पडली म्हणून हक्क आपोआप संपत नाही. तेव्हा ती सरळ सगळ्यांसाठी खुली करता येत नाही आणि तोवर फीत थांबणारही नाही. पण कागदावरची माहिती वहीत उतरवायला कोणाची आडकाठी नाही : क्रमांक, पत्ता, गीतकार, संगीतकार, दोन्ही बाजूंची गाणी. सोबत ती कुठून आणि कोणत्या वर्षी घेतली, घरात कोण ऐकायचं, तेही लिहा.

घरी गेल्यावर माळ्यावरचा डबा खाली काढा. वाद खुशाल चालू ठेवा, फक्त कॅसेट हातात घेऊन घाला.