असेकिया

असेकिया : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू मेक्सिको राज्यात व कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण भागात स्पॅनिश भाषक ग्रामस्थांनी नदीप्रवाहांवरून काढलेले सामाईक मालकीचे मातीचे पाट. पाटाची व्यवस्था पाहणाऱ्या गावसंस्थेसही हीच संज्ञा लावतात. मूळ शब्द अरबी असून तो मूरांच्या अंमलात स्पॅनिश भाषेत रुळला व मेक्सिकोमार्गे उत्तरेकडे आला. हुआन दे ओन्याते याने १५९८ मध्ये रीओ ग्रँड व चामा या नद्यांच्या संगमाजवळ वसाहत केली, तेव्हा पहिला पाट प्वेब्लो इंडियनांच्या श्रमांतून खणला गेला. प्वेब्लो लोकांना सिंचनकला आधीपासूनच अवगत होती. त्यामुळे असेकिया ही केवळ स्पेनची देणगी म्हणता येणार नाही. ज्या भूमीवर ती उभी राहिली, ती भूमीही मूळची या इंडियनांचीच होती.

पाटाचे पाणी डोंगरावरील वितळणाऱ्या बर्फाचे. दगड, ओंडके व झुडपे रचून घातलेल्या बंधाऱ्यापासून ते केवळ उताराच्या बळावर शेतांपर्यंत नेतात. पाण्यात वाटा असलेल्या शेतकऱ्यास ‘पार्सियांते’ म्हणतात. आपल्याकडील पाटकऱ्याप्रमाणे पाळ्या लावून देणारा ‘मायोर्दोमो’ हा सभासदांनी निवडलेला असतो. दर वसंत ऋतूत पाट उपसण्याचे काम सर्वांनी मिळून करावयाचे असते व ज्याचा पाण्यात जेवढा वाटा, तेवढे त्याचे श्रम, असा दंडक आहे. टंचाई पडली की ती सर्वांनी वाटून घ्यावयाची, हे या पद्धतीचे मर्म होय. पश्चिमेकडील राज्यांच्या कायद्यात मात्र ज्याचा पाणीवापर आधीचा, त्याचा हक्क वरचा, असे तत्त्व रूढ झाले आणि पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकण्याजोगी वस्तू ठरला. या दोन कल्पनांतील झगडा अद्याप संपलेला नाही. न्यू मेक्सिकोत २००३ च्या कायद्याने असेकियांना पाण्याचे हक्क बाहेर जाऊ न देण्याचा अधिकार मिळाला. कोलोरॅडोने २००९ मध्ये या संस्थांना कायदेशीर मान्यता दिली.

मातीच्या पाटातून पाणी झिरपते, म्हणून अभियंत्यांनी ते दीर्घकाळ वाया गेलेलेच धरले. वस्तुतः हे झिरपलेले पाणी भूजलात भर घालते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, नदी रोडावलेली असताना, हळूहळू नदीत परतते. पाटांच्या काठी कॉटनवुड, विलो व रानफळांची झुडपे वाढून पक्ष्यांना व लहान प्राण्यांना आसरा मिळतो. कोरड्या प्रदेशातील या हिरव्या पट्ट्यांपैकी कित्येक अशा रीतीने मनुष्यनिर्मित आहेत.

पाटाखालील शेत हा व्यवस्थेचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे डोंगरावरील सामाईक गायरान व वन. स्पेनच्या व पुढे मेक्सिकोच्या शासनाने गावांना दिलेल्या भूदानांत (मेर्सेद) कुटुंबास घराची जागा व शेताची अरुंद पट्टी मिळे, उरलेली जमीन सर्वांची राही. ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने (१८४८) हा प्रदेश अमेरिकेकडे गेला. येथील लोकांचे मालमत्तेचे हक्क राखण्याचे वचन तहात होते. तथापि १८९७ मध्ये सँडोव्हाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सामाईक जमीन गावाची नसून शासनाची असल्याचे ठरविले. या निर्णयामुळे सान मिगेल देल बादो या गावाच्या सु. ३,१५,००० एकरांच्या दाव्यापैकी जेमतेम पाच हजार एकर मान्य झाले. अशा जमिनींचा मोठा भाग पुढे कार्सन व सँता फे या राष्ट्रीय वनांत समाविष्ट झाला. अमेरिकन वनसंरक्षणाच्या गौरवपर इतिहासांत ही बाजू सहसा येत नाही.

आधुनिक निसर्गसंरक्षणाचे एक प्रणेते आल्डो लीओपोल्ड हे १९१२ मध्ये कार्सन वनाचे अधीक्षक होते. त्याच वर्षी त्यांचा एस्तेया बेर्गेरे यांच्याशी विवाह झाला. त्या मेंढपाळीवर वैभव मिळविलेल्या लूना-ओतेरो या जुन्या स्पॅनिश भाषक घराण्यातील होत्या. गायरानाच्या ऱ्हासाविषयी लीओपोल्डांचे विचार याच प्रदेशात घडले.

गावकऱ्यांचा रोष १९६० नंतर उघड झाला. रेइएस लोपेस तिहेरिना यांच्या संघटनेने ऑक्टोबर १९६६ मध्ये कार्सन वनातील एको अँफिथिएटर ही जागा व्यापली व तेथील वनरक्षकांनाच अतिक्रमणाबद्दल पकडले. ५ जून १९६७ रोजी त्येरा आमारिया येथील न्यायालयावर सशस्त्र हल्ला झाला. पुढे १९९५ मध्ये ठिपकेदार घुबडाच्या रक्षणासाठी न्यायालयाने वृक्षतोड थांबविली, तेव्हा सरपणाची अडचण होऊन ग्रामस्थ व पर्यावरणवादी यांच्यात कडवटपणा आला. दोन्ही पक्षांना वन हवेच होते, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

कोलोरॅडोतील सॅन लूइस येथे असाच लढा खाजगी मालकाशी झाला. तेथील ‘लोकपाटा’चा १८५२ चा पाणीहक्क हा त्या राज्यातील सर्वांत जुना सलग हक्क होय. गावामागील सु. ७७,००० एकरांचा डोंगर १९६० मध्ये एका लाकूड-व्यापाऱ्याने घेतला व गावकऱ्यांना मज्जाव केला. १९८१ मध्ये दाखल झालेल्या खटल्याचा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. १८६३ च्या दस्तऐवजाच्या आधारे चराई, सरपण व इमारती लाकूड यांचे हक्क परत मिळाले. शिकार, मासेमारी व विहार यांचे हक्क मात्र नाकारले गेले. ज्या समाजात डोंगरावर जाणे हे काम व विरंगुळा असे दोन्ही होते, त्यास ही विभागणी विचित्र वाटली असल्यास नवल नाही.

रीओ ग्रँडच्या घळईचा व सभोवतालच्या पठाराचा सु. २,४२,५०० एकरांचा प्रदेश २५ मार्च २०१३ रोजी राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला, तेव्हा ही धारणा काहीशी बदललेली दिसते. या मागणीस असेकियांचे सभासद, चराईदार व शिकारी यांचाही पाठिंबा होता आणि घरगुती वापरासाठी सरपण व पिन्योन वृक्षाच्या बिया गोळा करण्याची परंपरा घोषणापत्रातच राखून ठेवण्यात आली. कोलंबाइन-होंडो या डोंगराळ प्रदेशास डिसेंबर २०१४ मध्ये कायद्याने निर्जन वनाचा दर्जा मिळाला. रीओ ग्रँडला मिळणाऱ्या काही ओढ्यांचा उगम तेथे होतो.

एप्रिल २०२२ मध्ये वनखात्याने हेतुपुरस्सर लावलेल्या आगी हाताबाहेर जाऊन मोरा व सान मिगेल या परगण्यांत सु. ३,४१,००० एकर क्षेत्र जळाले. त्यानंतरच्या पावसाळी पुरांत उघड्या डोंगरांवरील राख व गाळ वाहून येऊन अनेक असेकिया बुजल्या व बंधारे फुटले. नुकसानभरपाईचा कायदा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संमत झाला. पाट उपसण्याचे काम मात्र बऱ्याच ठिकाणी गावकऱ्यांनी नेहमीप्रमाणे फावडी घेऊन सुरू केले होते.