आत्मप्रचीति आणि मानसशास्त्र

रेवदंडा येथें १ मार्च १९२२ रोजीं जन्मलेले नारायण विष्णु ऊर्फ नानासाहेब धर्माधिकारी यांनीं ८ ऑक्टोबर १९४३ रोजीं मुंबईंतील गोरेगांव येथें दासबोधाचें निरूपण आरंभिलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत अब्राहम मास्लो याचा मानवी प्रेरणांवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत भूक-तहानेपासून आत्मविकासापर्यंत गरजांचा चढता क्रम लाविला आहे. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाहीं. तथापि दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे: मनुष्याचा स्वानुभव ज्ञानाचें प्रमाण होऊं शकतो काय?

जॉन वॉटसन यानें १९१३ सालीं बाह्य वर्तन तेवढेंच मानसशास्त्राचा विषय ठरवून अंतर्निरीक्षण त्याज्य मानिलें. तत्पूर्वींच, १८९४ सालीं, जर्मन तत्त्ववेत्ता डिल्थाय यानें निसर्गाची कारणमीमांसा करावयाची, पण मनोजीवनाचा अर्थ आंतून जाणावयाचा, असा भेद प्रतिपादिला होता. मास्लो आदिकरून मंडळींचा जो पंथ पुढें मानवतावादी मानसशास्त्र या नांवानें उदयास आला, त्याचा एक पाया हाच होय.

हा भेद पोथ्यांच्या संग्राहकांस नवा नाहीं. कागद, शाई, अक्षरवळण हीं बाहेरून तपासतां येतात. कर्त्याचा आशय मात्र संदर्भावांचून उमगत नाहीं. तरीहि पाठचिकित्सेस कोणी अशास्त्रीय म्हणत नाहीं. कारण आपण एकाच प्रतीवर न विसंबतां प्रत्यंतरें ताडून पाहतों.

समर्थ रामदासांनींहि (१६०८-१६८२) एकट्या आत्मप्रचीतीवर भिस्त ठेविली नाहीं. शास्त्रप्रचीति व गुरुप्रचीति यांशीं तिचा मेळ पडला पाहिजे, असा दासबोधाचा दंडक आहे. परंतु एवढ्यावरून दासबोधास आधुनिक मानसशास्त्र म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. तेथें शास्त्र व गुरु हीं अंगीकृत प्रमाणें आहेत. विज्ञानांत प्रत्येक प्रमाण खोडून काढण्यास वाट मोकळी असावी लागते. उलटपक्षीं मास्लोचीहि बाजू निर्दोष नव्हे. आत्मविकास साधलेलीं माणसें त्यानें स्वतःच्या पसंतीनें निवडलीं. म्हणजे निष्कर्षाचें बीज निवडींतच पडलें. त्याच्या विवेचनांत उणीव आहे ती प्रत्यंतराचीच.

सारांश, स्वानुभव हा पुरावा आहे, निर्णय नव्हे. निरूपण ऐकून आपल्या आचारांत काय पालट झाला, याचीं श्रोत्यांनीं त्या त्या वेळीं लिहिलेलीं टिपणें कोणाच्या संग्रहीं असल्यास तीं मिति व स्थळ यांसह जतन करावींत, आणि प्रतिकूल अनुभव गाळूं नयेत. असा संग्रह सिद्ध झाल्यास प्रस्तुत प्रश्नाचा विचार केवळ तर्कावर न राहतां लेखी साधनांवर करतां येईल.